माया लोकांचे पिरॅमिड अन् पोहायचे डोह : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मेक्सिकोतल्या युकातान भागावर एक पान दिलं होतं, तिथल्या मूळच्या माया लोकांची जुनी शहरं आणि तिथले सेनोटे, म्हणजे जमीन खचून झालेले गोड्या पाण्याचे खोल डोह, हे दोन्ही एका दिवसात गाईडसोबत कसं पाहतात याबद्दल. पऱ्हाटीच्या भावाच्या दिवसात हे कोण वाचते असं ऑफिसात एकजण म्हणत होता, पण आता तालुक्यातालुक्यातली पोरं अमेरिकेत आहेत अन् त्यांचे आईबाप दरवर्षी तिकडे जाऊन राहिले, त्यामुळे पत्रं आली, आणि चांगली आली. काही घेतो.

प्रश्न : भाऊ, आमची पोरगी अन् जावई ह्यूस्टनले राह्यतेत. दिवाळी झाली की आम्ही दोघं तिकडे चाललो. तिथून चार दिवस मेक्सिकोतल्या समुद्रकाठच्या कानकूनले नेतो म्हणते. तिनं एक दिवसाचा टूर पाहून ठेवला, सकाळी माया लोकांचं जुनं शहर चिचेन इत्सा, मंग पोहायचा डोह, मंग जेवण, मंग वालादोलिद म्हणून गाव, अन् वापस. माही बायको म्हणते एवढ्या उन्हात पडकी देवळं पाहाले कायले जायचं, समुद्रावरच बसू. माहं वय 63, गुडघे बरे नाहीत. जावं का नाही ते सांगजा. (ता. दारव्हा)

उत्तर : काकाजी, जा. आणि काकूंनाही न्या, समुद्र तीन दिवस आहेच.

गुडघ्याची चिंता तुम्ही चुकीच्या जागी करून राहिले. चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडवर चढायला 2006 पासून बंदी आहे, त्यामुळे तिथे सगळं सपाटीवरून फिरायचं असते, खालून मान वर करून पाहायचं. चारही बाजूंना 91-91 पायऱ्या आणि वरची एक मिळून 365, वर्षाच्या दिवसाएवढ्या, हे गाईड सांगतेच. चढ-उतार आहे तो डोहावर. टूरवाले बहुतेक इक-किल नावाच्या सेनोट्यावर नेतात, त्याचं पाणी जमिनीच्या पातळीपासून जवळपास 26 मीटर खाली आहे अन् खाली जायला दगडी पायऱ्या, त्या ओल्या राहतात, गर्दीही राहते. तुम्ही वरूनच पाहा, वरून गोल तोंडातून खाली लोंबलेली झाडांची मुळं अन् निळं पाणी दिसते ते काही कमी नाही. नाहीतर मुलीला सांगा की ज्या टूरमध्ये उघडा, कमी पायऱ्यांचा डोह आहे तो घे.

आता टूर घेताना तिला दोन गोष्टी विचारायला लावा. पहिली, गाडी चिचेन इत्साला किती वाजता पोचते. कानकूनपासून ते 200 किलोमीटरच्या आसपास आहे, अडीच तास धरा, पण मोठी बस दहा हॉटेलांतून माणसं गोळा करत निघते अन् मग तुम्ही ऐन बारा वाजता त्या मैदानात उभे, आणि पिरॅमिडच्या आजूबाजूला सावली नाही. गेट सकाळी आठला उघडते. लहान गाडीचा टूर थोडा महाग पडते पण आठ-नऊला पोचवत असेल तर तोच घ्या, माझं स्पष्ट मत आहे, पैसे वाचवायचे तर बुफे जेवणात वाचवा. दुसरी गोष्ट, टूरच्या भावात तिकीट धरलं आहे का. तिथे केंद्र सरकारचं वेगळं अन् राज्याचं वेगळं असं तिकीट लागते, आणि स्वस्त टूरवाले हे पैसे गाडीत बसल्यावर मागतात.

अजून एक, कानकून ज्या राज्यात आहे तिथलं घड्याळ चिचेन इत्साच्या राज्यापेक्षा एक तास पुढे असते, त्यामुळे वाटेत मोबाईलची वेळ आपोआप बदलली की गोंधळू नका, गाडीत परत कधी यायचं ते गाईडच्या घड्याळावरून ठरवा. व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, पण तारीख संपली नाही ना ते निघायच्या आधी पाहून घ्या. दिवाळीनंतर पाऊसही कमी होत जाते, वेळ बरी निवडली.

प्रश्न : मला पोहता येत नाही. मुलगा म्हणतो आई लाईफ जॅकेट देतात, उतर बिनधास्त. पण डोह म्हटलं की आमच्याकडे नदीतल्या डोहाच्या बातम्याच आठवतात. आणि कपडे काय घालावे? स्विमिंग ड्रेस मी आयुष्यात घातला नाही अन् घालणारही नाही. (ता. मोर्शी)

उत्तर : ताई, भीती वाजवी आहे आणि मी ती घालवायच्या भानगडीत पडत नाही. सेनोट्यात काठाशी उथळ पाणी असं बहुतेक ठिकाणी नसतेच, शिडीवरून पाय काढला की खाली थेट खोल, इक-किलमध्ये तर 40 मीटरहून जास्त. पण पाणी स्थिर असते, नदीसारखी ओढ नाही, भोवरा नाही, आडवे दोर बांधलेले असतात, आणि जॅकेट अंगात नीट बसलं असलं की ते माणसाला तरंगत ठेवते. जॅकेटचे पट्टे घट्ट ओढून घ्या, सैल जॅकेट पाण्यात कानापर्यंत वर येते. आणि मुलाला सांगा, तुला पोहता येते म्हणून तूही बिनजॅकेटचा उतरू नको, आपल्याकडे डोहात बुडतात त्यांत पोहणारेही असतात.

कपड्यांचं सोपं आहे. पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक टीशर्ट आणि लेगिंग, कोणी काही म्हणत नाही. साडी, ओढणी, सुती सलवार नको, पाणी पिऊन जड होते. एक कोरडा जोड पिशवीत ठेवा, पाणी गार असते.

पण डोक्याला तेल लावून जाऊ नका, आणि सनक्रीम, मच्छरची क्रीम, अत्तर, काहीच नको, उतरायच्या आधी शॉवर घ्यायलाच लावतात. यात नखरा नाही. त्या भागात जमिनीवर नदी नाही, गावांच्या नळाला येते ते हेच जमिनीखालचं पाणी, एका डोहात सांडलं ते खालून दुसरीकडे निघते. काळे छोटे मासे पायाला लागले तर दचकू नका.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. लोणार आमच्या हाकेच्या अंतरावर. तुमच्या लेखात होतं की तिकडचे डोह उल्का पडल्यामुळे झाले. म्हणजे लोणारसारखेच का?

उत्तर : गुरुजी, लेखात जागेअभावी जरा आखूड लिहिलं गेलं, उल्का अन् डोह यांचा संबंध आहे पण तुम्ही समजता तसा नाही.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी युकातानच्या टोकाशी, आजच्या चिकशुलुब गावाजवळ एक लघुग्रह, म्हणजे अंतराळातला भला मोठा दगड, आदळला, खड्डा झाला 180 किलोमीटरच्या आसपास रुंदीचा, अर्धा जमिनीवर अन् अर्धा समुद्रात. तो आज डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यावर चुनखडीचे शेकडो मीटर थर चढलेले आहेत. डायनोसॉर संपले ते असल्याच धडकेनं हे लुईस अन् वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन शास्त्रज्ञ बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये मांडलं तेव्हा हा खड्डा त्यांना माहीतही नव्हता. आता त्या गाडलेल्या खड्ड्याच्या कडेवरचा दगड कमजोर, भेगाळ, म्हणून त्या कडेच्या बरोबर वर सेनोट्यांची अर्धगोल रांग लागलेली आहे, नकाशावर टिंबं जोडली की कंपासनं काढल्यासारखी दिसते. पण एकेक डोह उल्केनं खणलेला नाही, तो पावसाच्या पाण्यानं केला. पाणी चुनखडीत झिरपते, हळूहळू दगड विरघळवते, आत गुहा होते, मग एक दिवस छत खाली बसते. चिचेन इत्साजवळचे डोह तर त्या रांगेच्या बाहेरच आहेत, फक्त चुनखडी अन् पाणी, एवढंच भांडवल.

लोणार म्हणजे थेट धडकेचा खड्डा, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, आणि तोही बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडात. बेसॉल्ट असा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे खारं, क्षारीय सरोवर, जे जून 2020 मध्ये गुलाबी झालं होतं, अन् तिकडे गोडं, आरपार दिसणारं पाणी. चुनखडी विदर्भात नाही असं नाही, कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंटचे कारखाने तिच्यावरच चालतात, पण ती फार जुनी अन् घट्ट.

खरी गंमत पुढे आहे. तिकडे लघुग्रह पडला त्याच सुमाराला इकडे दख्खनचा लाव्हा वाहून राहिला होता, ज्याच्या थरांवर तुमचं मेहकर उभं आहे आणि ज्याची माती होऊन आपण कपाशी घेतो. डायनोसॉरांना कोणी मारलं, त्या लघुग्रहानं की या लाव्ह्यानं, की दोघांनी मिळून, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची हाडं अन् दगड झालेली विष्ठा सापडलेली आहे. मुलांना वर्गात हे सांगायला मिळालं असतं तर भूगोल कोणाला रटाळ वाटला असता?

प्रश्न : त्या डोहात माया लोक माणसं बळी द्यायचे म्हणे. अन् आपण त्यातच पोहायचं? मित्र रील दाखवून घाबरवतात. (कॉलेजचा विद्यार्थी, ता. अकोट)

उत्तर : दोन डोह वेगळे आहेत रे. चिचेन इत्साच्या आवारात जो पवित्र सेनोटे आहे, सुमारे 60 मीटर रुंद, हिरव्या पाण्याचा, त्यात कोणीच उतरत नाही, उतरू देत नाहीत. टूरमध्ये पोहायला नेतात ती जागा आवाराच्या बाहेर. पवित्र डोहातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन माणसानं गाळ उपसला तर सोनं, जेड, कोपाल नावाचा धूप अन् माणसांची हाडं निघाली, म्हणजे बळी खोटं नाही. पण पावसाच्या देवाला सुंदर कुमारिका ढकलायचे ही जी गोष्ट रीलमध्ये अन् काही गाईडच्या तोंडी आहे, ती सोडून दे. हाडं पुरुषांची, बायांची, लेकरांची, सगळ्यांची आहेत. त्या डोहाजवळच्या एका जमिनीखालच्या टाक्यात सापडलेल्या 64 जणांच्या हाडांचा डीएनए तपासला, 2024 मध्ये ते छापून आलं, तर सगळे मुलगेच निघाले, जवळपास पाव भाग एकमेकांच्या जवळच्या नात्यातले, त्यात जुळ्या भावांच्या दोन जोड्या.

तू गेलास तर गाईडला एक विचारशील, पिण्याचं पाणी कुठून यायचं? त्याच आवारात श्तोलोक नावाचा दुसरा डोह आहे, तो वापराचा. बहुतेक टूर तिथे थांबतच नाहीत. मला तर वाटते की पिरॅमिड आधी पाहून मग ‘एन्जॉय’ करायला पाण्यावर जायचं ही टूरवाल्यांची मांडणीच उलटी आहे, नदी नाही, ओढा नाही, अशा चुनखडीच्या माळावर हजारो माणसांचं शहर उभं राहिलं ते या डोहांच्या भरवशावर, आणि पाऊस लांबला की त्यांचं काय होत असेल हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. माया लोक संपले हेही खोटं, आजही मेक्सिकोत साडेसात लाखांहून जास्त लोक युकातानची माया भाषा बोलतात, तुझा गाईडही कदाचित त्यातलाच असेल. तिथल्या खेड्यांत पाऊस मागायचा जो विधी आहे त्यात वेदीखाली पोरांना बसवतात अन् ती पोरं बेडकासारखी डराव डराव करतात. आपल्याकडे पाऊस ताणला की पोरं काठीला बेडूक बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरतात, तुझ्या आजीला विचार.

प्रश्न : आम्ही माळकरी. तिथे खायचं काय? (ता. कारंजा)

उत्तर : माऊली, उपाशी राहणार नाही पण विचारून खा. मक्याच्या टॉर्तिया, म्हणजे पातळ भाकरी, भात, आवाकाडोची चटणी, फळं, हे बुफेत मिळते. काळ्या घेवड्याची उसळ दिसली की लगेच वाढून घेऊ नका, तिच्यात डुकराची चरबी असू शकते. ‘सिन कार्ने, सिन मांतेका’ एवढं पाठ करा, मांस नको, चरबी नको. हाबानेरो मिरची मात्र आपल्या ठेच्याची सवय आहे म्हणून चमचाभर घेऊ नका. शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या.

प्रश्न : एकाच दिवसात चिचेन इत्सा, कोबा अन् तुलुम ही माया लोकांची तीन शहरं आणि सेनोटे असा टूर दिसतो, घ्यावा का? पैसे वसूल होतात. (ता. पुसद)

उत्तर : नका घेऊ. गाडीत बसायचे पैसे वसूल होतात. चिचेन इत्साला कमीत कमी तीन तास द्या, नुसतं खेळाचं मैदानच 168 मीटर लांब आहे. पिरॅमिडपुढे टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज परत येतो, तो ऐकायला गर्दी कमी असावी लागते. पायऱ्यांच्या कठड्यावर ऊन-सावलीचा नाग सरकल्यासारखा दिसते तो 20-21 मार्च अन् 22 सप्टेंबरच्या आसपास, एरवी कोणी ‘आज दिसेल’ म्हणून जास्तीचे पैसे मागितले तर हसून पुढे निघा. तुलुम समुद्राच्या कड्यावर आहे, लहान आहे, ते वेगळ्या दिवशी सकाळी दोन-अडीच तासांत होते अन् खालच्या किनाऱ्यावर आंघोळही होते. कोबाचा पिरॅमिड 42 मीटर उंच, जंगलात, तिथे सायकल भाड्यानं मिळते, पण वर चढू देतात का ते बुकिंगच्या आधी विचारून घ्या, तिथले नियम बदलत राहतात.