बत्तीस मेल, दोन नकार: पोस्टडॉकसाठी वय आडवं येतं का?

"मॅडम, बत्तीस ठिकाणी मेल टाकले. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. माझं वय ४१, पीएच.डी. भारतातली. तेच नडतंय ना?"

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नर्सिंग कॉलेजात असोसिएट प्रोफेसर असलेल्या ताईंचा हा प्रश्न. मेडिकल-सर्जिकलमध्ये एम.एस्सी., दोन वर्षांपूर्वी पीएच.डी. पूर्ण, घरी आठवीतला मुलगा. अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली काही काळ संशोधन, करायचं आणि परत येऊन इथंच संशोधन उभं करायचं, हे त्यांचं पक्कं होतं. पीएच.डी. झालेल्या नर्सेस हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून इथं मांडतो आहोत.

आधी ते दोन नकार नीट वाचले. दोन्हींत वयाबद्दल अवाक्षर नव्हतं. दोन्हींत लिहिलं होतं की ही जागा फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. बत्तीसपैकी एकोणीस मेल अशाच जागांसाठी गेले होते.

तिथल्या जाहिरातीत 'टी-३२' असं दिसलं की समजायचं, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं, म्हणजे एन.आय.एच.नं, विद्यापीठाला दिलेलं हे प्रशिक्षण अनुदान आहे. नर्सिंगसाठी ते बहुतेक वेळा तिच्याच नर्सिंग संशोधन संस्थेकडून येतं. 'एफ-३२' ही व्यक्तीला मिळणारी फेलोशिप. दोन्हींना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतंच. अर्ज कितीही चांगला असला तरी नियम वाकत नाही. (तिकडे स्थायिक झालेल्या, ग्रीन कार्ड असलेल्या मराठी नर्सेसना मात्र हा रस्ता खुला आहे. पहिल्या बारा महिन्यांत मिळालेल्या विद्यावेतनाची परतफेड संशोधन, अध्यापन किंवा तशाच कामानं करावी लागते आणि दुसरं वर्ष प्रशिक्षणातच राहिलात तर ती महिन्याला महिना फिटत जाते.)

भारतातून जाणाऱ्यांची वाट वेगळी. एखाद्या प्राध्यापकाकडे स्वतःचं मोठं संशोधन अनुदान असतं, बहुधा 'आर-०१', आणि त्यातून तो पोस्टडॉकला पगार देतो. इथं नागरिकत्वाची अट अनुदान घालत नाही. पगारासाठी बरीच विद्यापीठं एन.आय.एच.चाच तक्ता धरतात. २०२४ सालासाठी अनुभव शून्य असताना तो वर्षाला ६१,००८ डॉलर होता. पुढचा टप्पा 'के-९९', म्हणजे पोस्टडॉककडून स्वतंत्र संशोधनाकडे जायला एन.आय.एच. देतं ते अनुदान. त्यालाही नागरिकत्व लागत नाही, पण पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांच्या आत असावा लागतो. त्यांची मोजणी पोस्टडॉकच्या वर्षांची आहे, जन्मतारखेची नाही.

राहिले तेरा मेल. ते गेले होते योग्य माणसांना, पण उघडून वाचावेत असे नव्हते. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर/मॅडम', मग स्वतःच्या पदव्या, मग 'आपल्या नामांकित संस्थेत संधी द्यावी' आणि सोबत चौदा पानी बायोडेटा. त्यातली पाच पानं कार्यशाळांना हजर राहिल्याच्या प्रमाणपत्रांची. आपल्याकडे मूल्यांकनाला ती लागतात, म्हणून सवय लागते. तिकडच्या प्राध्यापकाला पहिल्या चार ओळींत एकच गोष्ट हवी असते: ही व्यक्ती माझ्या प्रश्नावर काय काम करू शकेल?

त्यासाठी प्रबंध काढला. विषय: मधुमेही रुग्णांच्या पायाच्या काळजीबाबत 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम'ची परिणामकारकता. १२० रुग्ण, दोन गट, सहा आठवडे. निष्कर्ष: ज्ञानाचे गुण वाढले. आपल्याकडचे नर्सिंगचे कितीतरी प्रबंध इथंच थांबतात, आणि याबद्दल स्पष्ट बोललंच पाहिजे. शिकवल्यावर गुण वाढणारच. रुग्ण घरी गेल्यावर पाय बघतो का, जखम टळते का, हा खरा प्रश्न. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. नर्सिंगचं संशोधन कुठवर जाऊ शकतं ते यावरून कळावं.

प्रबंधाच्या परिशिष्टात मात्र सोनं निघालं. ताईंनी प्रत्येक रुग्णाचा पाय स्वतः तपासला होता. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा तो जाडसर धागा, तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि रुग्णाला डोळे मिटायला सांगून विचारायचं, "कळतंय का?" १२० फॉर्म, प्रत्येकावर पायाचं चित्र, जिथं कळलं नाही तिथं लाल फुली. प्रबंधात याला अर्धं पान मिळालं होतं. "गाईड म्हणाल्या, हा मुख्य विषय नाही," ताई म्हणाल्या.

इथं एक अडचण आली. अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी होती, पण सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत, नोंदणी केलेली नव्हती. एप्रिल २०१८ पासून तिथं नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते, मागाहून होत नाही. त्यामुळे दोन गटांची तुलना छापायला चांगली जर्नल्स नकार देण्याची शक्यता मोठी. त्यावर उपाय असा: शिकवण्याआधीच्या तपासणीची माहिती हा स्वतंत्र, एकवेळच्या पाहणीचा अभ्यास आहे. त्याला ट्रायलची नोंदणी लागत नाही. ही माहिती मोठ्या अभ्यासाच्या सुरुवातीची आहे हे लपवायचं नाही, तसं स्पष्ट लिहायचं. अशा पाहणीच्या पेपरात काय काय लिहावं हे सांगणाऱ्या 'स्ट्रोब' यादीतले २२ मुद्दे समोर ठेवून ताईंनी हा पेपर तीन महिन्यांत लिहिला. तिकडे गेल्यावर प्रबंधाचे पेपर लिहायला वेळ मिळेल, हा भ्रम आहे; तिथं पहिलं वर्ष त्यांच्या कामात जातं.

नवा मेल बारा ओळींचा झाला. प्राध्यापकांचा कोणता पेपर वाचला आणि त्यातला कोणता प्रश्न पुढे न्यायचा आहे, आपल्याकडे कोणती माहिती आणि कौशल्य आहे, कधीपासून येता येईल. बायोडेटा तीन पानी. असे नऊ मेल गेले, आठवड्याला दोन-तीन, प्रत्येक वेगळा. चार उत्तरं आली, दोन मुलाखती झाल्या.

मुलाखतीत आपणही प्रश्न विचारायचे असतात, हे पटवायला वेळ लागला. आधीचे पोस्टडॉक आज कुठं आहेत? त्यांचे प्रथम-लेखक म्हणून किती पेपर झाले? आठवड्यातले किती दिवस रुग्ण गोळा करण्यात जातील? परतल्यावर डेटा वापरता येईल का? पहिल्या ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'चार दिवस' असं आलं. ती रिसर्च कोऑर्डिनेटरची नोकरी, नाव फक्त पोस्टडॉकचं. विद्यापीठ नावाजलेलं होतं, तरी ताईंनी नाही म्हटलं आणि ते बरोबरच केलं. मार्गदर्शक बघावा, विद्यापीठाची पाटी नंतर.

दुसरीकडून होकार आला, पण 'आधी सहा महिने येऊन बघा' असा. इथं सावध राहायला हवं. देवाणघेवाणीवर येणाऱ्या संशोधकांना मिळणाऱ्या जे-१ व्हिसाच्या रिसर्च स्कॉलर गटात पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र मध्येच संपवून परतलात की त्याच गटात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं. बघण्यापुरतं जायचं तर शॉर्ट-टर्म स्कॉलर गट मागावा, त्याला ही अडकाठी नाही. ताईंनी दोन वर्षांचं पत्र लेखी मागितलं, मिळालं. मुलगा सोबत जाणार असेल तर त्याचाही आरोग्य विमा सक्तीचा. तो खर्च विद्यापीठ उचलतं की आपण, हे होकार देण्याआधी विचारायचं.

एनक्लेक्स आधी द्या, असं क्लासवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं. ती परीक्षा अमेरिकेत नर्स म्हणून रुग्णसेवेच्या परवान्यासाठी. प्रश्नावली आणि मुलाखतींच्या कामाला ती सहसा लागत नाही. जाहिरातीत 'आर.एन.', म्हणजे नोंदणीकृत नर्स, मागितलं असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालेल का, एवढं मेलवर विचारून घ्यावं.

कॉलेजकडून रजा आणि नोकरीवरचा हक्क, दोन्ही लेखी घेणं चालू आहे. तोंडी 'जा, बघू' वर विमानाचं तिकीट काढू नये.

मागच्या आठवड्यात पेपर परीक्षकांकडून परत आला. प्रश्न होता: धागा तळपायाच्या नेमक्या कोणत्या जागी टेकवला, आणि घट्टे पडलेली जागा टाळली होती का? ताईंनी कॉलेजच्या कपाटातून १२० फॉर्मांचा गठ्ठा काढला आहे आणि एकेका चित्रावरच्या लाल फुल्या त्या पुन्हा मोजताहेत.