बिअर गाळत नाहीत

प्रश्न पुण्याच्या एका वाचक बाईंचा आहे: 'मायक्रोब्रुअरीवरच्या एका बातमीत "स्वतः बिअर गाळणारी तरुण पिढी" असं वाचलं. बिअर गाळतात का? आम्ही चार-पाच मैत्रिणी चांगली बिअर, सायडर, कॉफी कुठे मिळते ते शोधत हिंडतो आणि त्याची टिपणं मराठीत लिहायचं ठरवलं आहे. क्राफ्ट बिअर, सायडर, कोल्ड ब्रू यांना मराठी शब्द सुचवाल का?'

गाळत नाहीत.

ती बातमी मीही वाचली आणि चहा गार होईपर्यंत चरफडत बसलो. त्यातच पुढे बिअरला 'हे मद्यार्क' म्हटलं होतं. मद्यार्क म्हणजे गाळून काढलेलं अल्कोहोल, स्पिरिट. बिअरमध्ये ते शंभरात पाच-सहा भाग असतं. तेवढ्यावरून बिअरला मद्यार्क म्हणायचं तर उसाला साखर म्हणायला काय हरकत आहे?

मद्य, मदिरा, दारू यांचे अर्थ तुम्हाला माहीत आहेत, ते सोडून देतो. ('दारू' म्हणजे फारसीत औषध, हे प्रत्येक मैफलीत कोणीतरी सांगतोच. पुरे आता.) खरी गंमत आहे ती 'अर्क' आणि 'गाळणे' या जोडीत.

मराठीत अर्क दोन आहेत. एक संस्कृतातला: सूर्य, आणि जिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घालतात ती रुई. त्याचा इथे काही संबंध नाही. दुसरा अरबीतून आलेला, मूळ 'अरक', अर्थ घाम. भट्टीवर भांडं चढवलं, वाफ वर गेली, गार पृष्ठभागाला लागली, थेंब जमले आणि ओघळले. हे पाहणाऱ्याला कपाळावरचा घामच आठवणार. हाच घाम लेबनॉनमध्ये 'अरक' म्हणून पितात, तुर्कस्तानात 'राकी' म्हणून, इंग्रजांनी त्याचा 'ॲरॅक' केला आणि गोव्यात तो 'हुर्राक' झाला. आपल्या आजीच्या फडताळात तो ओव्याचा अर्क होऊन बसला. पुढे तर आपण माणसांचाही अर्क काढला: 'कार्टं म्हणजे अगदी अर्क आहे!'

आता मराठी क्रियापद पाहा. गळणे म्हणजे थेंबाथेंबाने पडणे; त्याचं प्रयोजक रूप गाळणे. आपण दारू गाळतो. आणि दुसरं काय गाळतो? घाम! अरबाने त्या थेंबांना घामाचं नाव दिलं आणि मराठीने घामाचं क्रियापद दिलं. एकमेकांना न विचारता दोघांनी तेच चित्र पाहिलं. मी हे ज्याला त्याला सांगत असतो; घरात आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

म्हणून दारू 'गाळली' म्हणायला वाफ हवी आणि थेंब हवा. गोव्यातला काजूच्या बोंडांचा रस घ्या. तो बोंडं तुडवून काढतात. तो आंबवून एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फेणी हा शब्द 'फेन' म्हणजे फेसावरून आला. बाटली हलवली की कडेने बुडबुड्यांची माळ धरते, त्यावरून जाणकार तिचा कस ओळखतात. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तिच्याबद्दल खुशाल लिहा, 'गाळली'. बिअरबद्दल लिहू नका. 'पण बिअरही शेवटी गाळून घेतात ना?' असं एकाने मला ऐकवलं. चहाही गाळून घेतात. म्हणून तुमच्या घरी चहाची भट्टी आहे का?

बिअर, सायडर, वाइन ही आंबवलेली पेयं. आंबवणे हा शब्द डोशाच्या पिठाचा वाटून खटकत असेल तर वैद्यांचा 'संधान' आहे. तोच तो, 'संधान बांधणे'मधला. कारस्थानंही आपल्याकडे मुरतच ठेवतात.

तर आता बिअरचं नाव. इथे माझं एक मत आहे आणि ते मी सविस्तर मांडणार आहे.

दोनेक वर्षांपूर्वी भाच्याच्या आग्रहाने पुण्यातल्या एका लहान ब्रुअरीत गेलो होतो. तिथे बिअर करणारी मुलगी गमबूट घालून ओल्या फरशीवर उभी होती. तिने आधी मोड आणून वाळवलेले, भाजलेले जव चघळायला दिले. गोडसर, थेट नाचणीच्या सत्त्वाच्या वासाचे. ते भरडून ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवायचे, गोड पाणी काढून घ्यायचं आणि मग ते पाणी तासभर खळखळून उकळायचं. उकळी आली तशी तिने एका पाकिटातून गुरांच्या पेंडीसारख्या दिसणाऱ्या हिरव्या गोळ्या काढल्या. हॉप्स, एका वेलीची कडू फुलं. 'चुरडून बघा, काका.' चुरडल्या. आधी लिंबाच्या सालीचा वास आला, मग पाल्याचा. जिभेला लावल्या तर कडूजहर. त्या मूठ-मूठ करून तिने उकळीत सोडल्या. मी म्हणालो, 'अगं, हा काढा आहे!' ती म्हणाली, 'काढाच आहे. गार केला की यीस्ट टाकायचं, आणि मग वाट बघायची.'

घरी येऊन शार्ङ्गधरसंहिता उघडली. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या वैद्यकग्रंथात वाक्य असं आहे: 'यदपक्वौषधाम्बुभ्यां सिद्धं मद्यं स आसवः । अरिष्टः क्वाथसाध्यः स्यात्'. न उकळता, औषध आणि पाणी तसंच आंबवलं तर आसव. आधी काढा करून मग आंबवलं तर अरिष्ट. म्हणजे गमबूटवाल्या मुलीने माझ्यासमोर अरिष्ट केलं होतं. कडू वनस्पती उकळली, काढा गार केला, आंबवायला ठेवला. आपले वैद्य आंबवण्यासाठी धायटीची फुलं घालतात (फाल्गुनात सह्याद्रीत लालभडक फुलते तीच धायटी), ती पाकिटातलं यीस्ट घालते. फरक एवढाच.

'एक ग्लास अरिष्ट द्या, असं कोण म्हणेल? अरिष्ट म्हणजे संकट!' हा आक्षेप मला पाठ झाला आहे. मूळ धातू रिष्, म्हणजे इजा होणे. अ-रिष्ट म्हणजे ज्याला इजा झाली नाही ते. जे बिघडत नाही, टिकतं. संकटाचा अर्थही त्याच शब्दाला चिकटला, कारण अशुभाला शुभ नाव देण्याची खोड आपली जुनीच आहे. दुकान बंद करताना 'वाढवतो' म्हणणारे आपणच. कालिदासाच्या रघुवंशात रघूचा जन्म होतो तेव्हा 'अरिष्टशय्या' येते. ती बाळंतिणीच्या खोलीतली शेज, कारण अरिष्ट म्हणजे सूतिकागृहसुद्धा. आणि बाळंतिणीला आपण देतो काय? दशमूलारिष्ट! अरिष्टात बसून अरिष्ट प्यायचं, आणि कोणाला संकट आठवत नाही. आणखी एक. संस्कृतात रिठ्यालाही अरिष्ट म्हणतात. आपला 'रिठा' त्यातूनच झिजून आला. त्याच रिठ्याचं दुसरं नाव 'फेनिल', फेसाचा. आता तो ग्लास डोळ्यांसमोर आणा, वर दोन बोटं पांढरा फेस. मी व्युत्पत्ती सांगत नाही आहे, योगायोग दाखवतो आहे. पण असा योगायोग हाती लागल्यावर गप्प बसवत नाही.

आणि हॉप्सचं काम काय? कडवटपणा हा एक भाग. दुसरा भाग, बिअर बिघडू न देणं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून भरपूर हॉप्स घातलेली बिअर महिनोन्‌महिने बोटीचे हेलकावे खात हिंदुस्थानात यायची आणि इथे पोचल्यावरही टिकलेली असायची. तिचंच पुढे 'इंडिया पेल एल' झालं, तुमच्या टिपणांत आयपीए म्हणून असेल ती. सगळा समुद्र ओलांडून इजा न होता आली. अरिष्ट याहून वेगळं काय असतं?

एका संस्कृतज्ञ गृहस्थांनी मला तीन पानी पत्र लिहून कळवलं, की बिअरला 'सुरा' म्हणावं, कारण धान्यापासून होते ती सुरा. आधार त्यांनीही शार्ङ्गधराचाच दिला होता. बरोबर आहे, शिजवलेलं अन्न आंबवून होते ती सुरा, असं तो म्हणतो. पण मग तुमची सुरा म्हणजे भातापासून केलेली हंडिया. तिच्यात काढा कुठे आहे? बिअरमध्ये अन्न आंबवत नाहीत, अन्नाचं पाणी काढून त्याचा काढा आंबवतात. गृहस्थांनी हॉप्स पाहिलेही नसावेत. मी त्यांना त्या ब्रुअरीचा पत्ता पाठवला. उत्तर आलं नाही.

सायडरबद्दल, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाबद्दल, मात्र दुसऱ्या टोकाचा वेडेपणा चालू आहे. 'सायडर हा आपल्या सीधूचाच अपभ्रंश' असं लिहिलेला निरोप मला या वर्षात चौघांनी पाठवला. (सीधू म्हणजे गोड रस आंबवून केलेलं आपलं जुनं मद्य.) साफ खोटं. सायडर इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे लॅटिन 'सिसेरा'मधून, तिथे ग्रीक 'सिकेरा'मधून, आणि मूळ हिब्रू 'शेखार', कोणतंही चढणारं पेय. लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल म्हटलं आहे की तो द्राक्षारस आणि 'सिसेरा' पिणार नाही. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलात तिथे चक्क सायडर आला आहे. सफरचंदाचा अर्थ मागून चिकटला. यात सीधू कुठेच नाही. (तो 'शेखार' म्हणजे साखर, असंही कोणी पाठवू नका. साखर आपल्याच शर्करेची.)

पण अर्थ पाहिला तर सीधू चपखल बसतो, हीच चीड आणणारी गोष्ट आहे. शार्ङ्गधर सांगतो, न शिजवलेला गोड रस आंबवला की 'शीतरस सीधू'. सीधू प्रामुख्याने उसाच्या रसाचा असे, पण व्याख्या गोड रसाची आहे, उसाची नाही. सफरचंद दाबलं, रस काढला, न उकळता आंबवला: शीतरस सीधू. रघुवंशातल्या उन्हाळ्याच्या वर्णनात कालिदासाने आंब्याच्या कोवळ्या पालवीशेजारी जुना सीधू ठेवला आहे, तेव्हा शब्दाला घराणंही आहे. बाटलीवर हवा तर लिहा. व्युत्पत्ती मात्र सांगू नका.

कॉफीचं लवकर आटपतो. तिच्या बियांना मराठीत 'बुंद' शब्द आहे, तो अरबी 'बुन्न'चा. 'कहवा' हे अरबीत आधी दारूचं एक नाव होतं, म्हणजे तुमच्या टिपणवहीत सगळी मंडळी नात्यातलीच निघाली. कृतींना नावं तयार आहेत. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये उतरतं त्याला सगळे 'डिकॉक्शन' म्हणतात, म्हणजे काढा, आणि ते चूक आहे, कारण ते उकळत नाहीत. भरडलेल्या द्रव्यावर कढत पाणी ओतून मुरवायचं आणि कापडातून गाळायचं, तो 'फांट'. तुमची पोअर-ओव्हर आणि फिल्टर कॉफी दोन्ही फांट. आणि कोल्ड ब्रू? 'हिम'. एक पल (हे जुनं वजन) भरड, सहा पल पाणी, रात्रभर भिजवायचं, सकाळी गाळायचं. काउंटरमागच्या कोणत्याही पोराला त्याचं प्रमाण विचारा; फार लांब जाणार नाही. 'शीतनिष्कर्षित कॉफी' असं एका मेनूकार्डावर पाहिलं होतं. दोन अक्षरांचा शब्द घरात असताना!

तुम्ही 'क्राफ्ट'बद्दल विचारलं होतं, ते राहिलंच. 'हस्तनिर्मित' साबणाला आणि कागदाला ठीक आहे. भाच्याने 'क्राफ्ट डिस्टिलरी'चं शब्दशः भाषांतर करून दाखवलं: हातभट्टी. चूक काढता आली नाही, पण वापरू नका, पोलीस येतील. मराठीत याला साधा शब्द आहे, 'हातची'. आईच्या हातची भाकरी, मावशीच्या हातचं लोणचं. ज्याला करणारा माणूस आहे आणि त्या माणसाच्या हाताला चव आहे ते. हातची बिअर, हातची कॉफी.

परवा त्याच ब्रुअरीत हा शब्द वापरून पाहिला. गमबूटवाली दिसत नव्हती. काउंटरवरच्या नव्या पोराला विचारलं, 'काय रे, ही कुणाच्या हातची?'

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ग्लासकडे.

'काका, नळाची आहे.'