वाचकांचे प्रश्न : सुगरणीचे पुस्तक परत का आले?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका होते. निवृत्तीनंतर आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सुगरण पक्ष्यावर साडेचार हजार शब्दांचे माहितीपर पुस्तक लिहिले, शेवटी स्वाध्यायही दिला. प्रकाशकाने ‘पाठ्यपुस्तकासारखे वाटते’ म्हणून परत पाठवले. काय बदलू?

उत्तर : आधी पाने मोजा. अशी पुस्तके बहुधा 24 किंवा 32 पानांची असतात, कारण छपाईचा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पाने, 8 किंवा 16 पानांचा पडतो. 24 पानांतून शीर्षक, श्रेयनामे वगळली की समोरासमोरच्या पानांच्या दहाएक जोड्या उरतात. जोडीला 60-70 शब्द धरले तर सगळे मिळून सहा-सातशे! कोरे कागद दुमडून डमी करा, मजकूर कापून चिकटवा. कुठे दाटी झाली ते लगेच दिसेल.

सुरुवात व्याख्येने केली असणार. ‘सुगरण हा विणकर कुळातील पक्षी आहे’ हे सातव्या पानावर आले तरी बिघडत नाही. पहिल्या पानावर नर गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडतो आणि उडता उडता लांब पट्टी सोलून नेतो, ते येऊ द्या. मग अर्धवट, टोपासारखे घरटे. मादी येऊन पाहते. तिला पटले तरच तो खालची नळी पुरी करतो. नाही पटले तर? हे मूल स्वतःच विचारते, म्हणून स्वाध्याय काढाच.

नावामुळे मादीच विणते असे पुष्कळांना वाटते, चित्रकारालाही. त्याला फोटो द्या : विणीच्या हंगामात नराचे डोके पिवळे, मादी चिमणीसारखी भुरकट. पक्षितज्ज्ञाला मजकुराबरोबर कच्ची चित्रेही दाखवा. रंग भरल्यावर दुरुस्ती महागात पडते.

प्रश्न : एकरकमी मानधन देऊन प्रकाशक ‘सर्व हक्क’ मागतात. सही करावी का?

उत्तर : तशीच नको. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार हक्क लेखी करारानेच देता येतात. करारात मुदत नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पण ‘कायमचे’ असा शब्द असला तर ही सोय गेली. मुदत आकड्यात लिहून घ्या. अनुवाद आणि ई-पुस्तकाचे हक्क स्वतःकडे ठेवा.