मान डोळ्यांच्या मागे जाते

प्रश्न : ताई, मी भाषांतराचं काम करते. वय 48. रोजचे सात-आठ तास स्क्रीनसमोर जातात. लॅपटॉपवर मान खाली जायची म्हणून मागच्या वर्षी 27 इंची मॉनिटर घेतला. सगळे सांगतात तशी त्याची वरची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत आणली. खुर्चीही चांगली आहे. तरी दुपारनंतर मानेच्या अगदी वरच्या टोकाला, डोक्याच्या मागे दुखायला लागतं आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. मूळ मजकूर छापील असतो, ते कागद कीबोर्डच्या डावीकडे टेबलावर ठेवते. वर्षभरापासून प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. नियमाप्रमाणे सगळं करूनही माझं काय चुकतंय?
– एक भाषांतरकार

उत्तर : तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. दुखण्याचं कारण मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात आहे : प्रोग्रेसिव्ह चष्मा.

फिजिओथेरपिस्ट म्हणून मी 22 वर्षं लोकांच्या माना तपासते आहे. मान आपणहून वाकडी होताना मी क्वचितच पाहिली. अक्षर जिथून स्पष्ट दिसतं तिथे डोळे जातात आणि डोळे जातील तिकडे मान जाते. ‘ताठ बस’ असं स्वतःला कितीही बजावलं तरी अक्षरं पुसट असली की दहा मिनिटांत हनुवटी पुढे येते. म्हणून मान दुखते म्हणून आलेल्या माणसाला मी आधी चष्म्याबद्दल विचारते.

प्रोग्रेसिव्ह काचेच्या वरच्या भागात लांबचा नंबर असतो, खालच्या भागात वाचायचा. हात लांब केल्यावर येतं ते स्क्रीनचं अंतर या दोन्हींच्या मधलं, आणि त्यासाठीचा नंबर काचेच्या मधल्या अरुंद पट्ट्यात बसवलेला असतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असली तर वरच्या ओळी तुम्ही लांबच्या नंबरातून वाचता. त्या धूसर दिसतात, म्हणून हनुवटी किंचित वर उचलली जाते. इतकी किंचित की स्वतःला कळतही नाही. पण कवटीच्या बुडाशी असलेले छोटे स्नायू तेवढ्यानेही आखडलेले राहतात, आणि तुमच्या बाबतीत ते सात-आठ तास आखडलेले असतात.

हे मी स्वतः भोगलं आहे. पहिला प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला तेव्हा मी उशी बदलली, व्यायाम वाढवले, तरी डोक्याच्या मागचं दुखणं हटेना. शेवटी एका सहकारी मैत्रिणीने मी रिपोर्ट टाइप करत असताना बाजूने फोटो काढून दाखवला. माझी हनुवटी वर होती आणि मी नाकाच्या शेंड्यावरून स्क्रीनकडे बघत होते. त्याच दिवशी मॉनिटर खाली घेतला. आठवडाभरात फरक पडला. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी असा फोटो काढायला सांगते. तुम्हीही काढून घ्या, पण तुम्हाला न सांगता, कामाच्या भरात असताना. कान खांद्याच्या वर आहे का आणि हनुवटी कुठे आहे, एवढंच बघा.

मांडणी करताना आधी खुर्ची : पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठीला टेका. मग कीबोर्ड : कोपरं अंगाजवळ, खांदे सैल. स्क्रीन सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक स्क्रीन आधी लावतात आणि मग शरीर तिच्याशी जुळवत बसतात.

आता तुमच्या मॉनिटरचं. 27 इंची रुंद स्क्रीन साधारण 34 सेंटीमीटर उंच असते. तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असली आणि ती 65 सेंटीमीटरवर असली तर नजर स्क्रीनच्या मध्यावर सुमारे 15 अंश खाली जाते. साध्या डोळ्यांना हे छान जमतं, म्हणून तो नियम चुकीचा नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्याला मात्र तो लागू पडत नाही. सरळ बसा, हनुवटी जमिनीला समांतर ठेवा आणि मान न हलवता सगळ्यात वरची ओळ स्पष्ट वाचता येईपर्यंत मॉनिटर खाली घ्या. कड डोळ्यांच्या रेषेपासून चांगली चार-पाच बोटं खाली आली तरी घाबरू नका. मग स्क्रीनची वरची बाजू थोडी मागे झुकवा, म्हणजे स्क्रीन तुमच्या चेहऱ्याकडे बघेल. मोठ्या मॉनिटरचा स्टँड कधी कधी एवढा खाली जातच नाही. तेव्हा टेबलाला बसणारा मॉनिटर आर्म घ्यावा लागतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर फक्त कॉम्प्युटरसाठीचा वेगळा चष्मा करून घ्या. रोज सात-आठ तास काम असेल तर मी तो सुचवतेच. जाण्याआधी डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तो आकडा चष्म्याचा नंबर काढणाऱ्याला सांगा. नुसतं ‘कॉम्प्युटरवर काम करते’ म्हटलं तर तो अंदाजाने नंबर देईल. 50 सेंटीमीटरवर स्पष्ट दिसायला डोळ्याला 2 डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) जोर लावावा लागतो, 70 सेंटीमीटरवर जेमतेम 1.4 चा. चाळिशीनंतर हा जोर कमी होत जातो, म्हणून या 20 सेंटीमीटरने मोठा फरक पडतो.

अंतर किती? खुर्चीला टेकून बसल्यावर हात सरळ केला की बोटांची टोकं स्क्रीनला लागतील इतकं. तुमच्या स्क्रीनला मी 65 ते 75 सेंटीमीटर म्हणेन. तिथून वाचायला कठीण गेलं तर स्क्रीन पुढे ओढू नका, अक्षर मोठं करा. अक्षराचा आकार पुरेसा आहे का हे बघायला उठून तिप्पट अंतरावर जा. तिथूनही मजकूर कसाबसा वाचता आला, तर बसल्या जागी तो आरामात वाचता येईल.

डोळ्यांतली वाळू याच उंचीशी जोडलेली आहे. स्क्रीनकडे बघताना आपल्या पापण्या एरवीपेक्षा बऱ्याच कमी मिटतात आणि मिटल्या तरी कित्येकदा अर्ध्याच. त्यात नजर वर असली की डोळा जास्त उघडा राहतो आणि त्यावरचा पाण्याचा पातळ थर लवकर सुकतो. नजर खाली असली की वरची पापणी आपोआप डोळा झाकते. त्यामुळे मॉनिटर खाली घेतल्यावर मानेइतकाच डोळ्यांनाही आराम पडेल. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर येत असेल तर तो आजच फिरवा.

राहिले कागद. आडव्या कागदाकडे डावीकडे खाली बघायचं आणि परत स्क्रीनकडे यायचं, हे दिवसातून शेकडो वेळा होतं. कागद उभे धरणारा तिरका स्टँड घ्या आणि तो स्क्रीनला चिकटून, तिच्याइतक्याच अंतरावर ठेवा. एक तास स्वतःकडे लक्ष द्या : तुम्ही कागदाकडे जास्त बघता की स्क्रीनकडे? कागदाकडे जास्त बघत असाल तर कागद समोर आला पाहिजे आणि स्क्रीन बाजूला. भाषांतर करणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.

हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर मात्र मांडणी बदलत थांबू नका. तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

प्रश्न : मी 24 वर्षांचा आहे. नवीन नोकरी लागली, घरून लॅपटॉपवर काम करतो. टेबल खिडकीसमोर आहे. संध्याकाळी कपाळ ठणकतं. डार्क मोड लावला, तरी फरक नाही. ब्लू लाइटचा चष्मा घेऊ का?
– एक नवा नोकरदार

उत्तर : त्या चष्म्यावर लगेच खर्च करू नकोस. 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने निळा प्रकाश अडवणाऱ्या या चष्म्यांवरच्या 17 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. दिवसाच्या उजेडातल्या निळ्या प्रकाशापुढे स्क्रीनचा निळा प्रकाश अगदीच थोडा असतो.

डार्क मोडनेही दिवसा उलट त्रास होऊ शकतो. काळ्या पार्श्वभूमीमुळे बाहुली मोठी होते आणि पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात, विशेषतः सिलिंड्रिकल नंबर असेल तर. रात्री मंद उजेडात हवा तर ठेव.

तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट म्हणजे खिडकी. समोरचा झगझगीत उजेड आणि त्यापुढे स्क्रीन, या दोन उजेडांत डोळे दिवसभर ओढले जातात. टेबल फिरव, खिडकी बाजूला येऊ दे. पाठीशी नको, कारण मग ती स्क्रीनवर उमटेल. उमटते का हे बघायला स्क्रीन बंद कर : काळ्या काचेत जे जे चमकतं, ते तू दिवसभर अक्षरांवर बघत असतोस. नंतर स्क्रीनशेजारी कोरा पांढरा कागद धर. स्क्रीन दिव्यासारखी उजळ वाटली तर प्रकाश कमी कर, मळकट वाटली तर वाढव.

लॅपटॉपची अडचण अशी की कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना जोडलेले. एक नीट ठेवलं की दुसरं बिघडतं. चार-पाच जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेव आणि कीबोर्ड व माउस वेगळे लाव. नुसता उंचावलास आणि त्याच कीबोर्डवर टाइप केलंस तर खांदे दुखतील. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद तरी 20 फूट, म्हणजे सहा मीटर लांब बघ. तेवढ्या अंतरावर जवळचं बघायला आवळलेला डोळ्याचा स्नायू सैल पडतो. पंधरा दिवसांत कपाळ ठणकायचं थांबलं नाही तर डोळे तपासून घे. या वयात लक्षात न आलेला छोटा नंबर असणं अगदी शक्य आहे.

प्रश्न : ऑफिसात मला दोन मॉनिटर दिलेत. दोन्हींची जोडरेषा नाकासमोर ठेवली आहे. उजवीकडची मान धरते. बरोबर आहे का ही मांडणी?
– हिशेबनीस

उत्तर : दोन्ही सारखेच वापरत असाल तरच बरोबर आहे. हिशेबाच्या कामात सहसा एकावर आकडे भरायचे असतात आणि दुसऱ्यावर अधूनमधून बघायचं असतं. आकडे भरता तो मॉनिटर नाकासमोर आणा. दुसरा त्याला चिकटवून, तुमच्याकडे तिरका वळवून ठेवा. दोन्हींची उंची, अंतर आणि उजेड सारखा करा. दुसऱ्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त वाचायचं असेल तर मान वळवू नका, स्क्रीनवरची ती विंडोच समोरच्या मॉनिटरवर ओढून घ्या.