नाशिकमध्ये राहून ओपन सोर्स प्रकल्पाला कोड देण्याची सुरुवात कशी करावी?

आपण नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, पायथन बऱ्यापैकी येते, आणि ओपन सोर्स प्रकल्पाला (ज्याचा कोड कोणालाही पाहता व बदलता येतो अशा प्रकल्पाला) कोड द्यायचा तर कोठून सुरुवात करावी व त्यासाठी पुण्या-बंगळूरला जावे लागेल का, असे आपण विचारले आहे. जावे लागणार नाही. लिनक्स कर्नलमधील, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, बदल आजही मुख्यतः ईमेलने पाठवलेल्या पॅचच्या, म्हणजे कोडमध्ये नेमके काय बदलायचे ते दाखवणाऱ्या मजकुराच्या, रूपात येतात, आणि त्याच प्रकल्पाच्या गरजेतून लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन लिहिले. आपण गंगापूर रोडवर बसून काम करता की आणखी कोठे, हे तेथे कोणी विचारत नाही.

सुरुवातीबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. नवोदितांसाठी राखून ठेवलेले इश्यू, म्हणजे नोंदवलेले दोष वा कामे, शोधत फिरण्यापेक्षा, जो प्रोग्रॅम आपण रोज वापरता त्यातलाच दोष हाती घ्यावा, कारण तो खरोखर दुरुस्त झाला की नाही हे आपल्याला स्वतःला पारखता येते. मराठी वाचणाऱ्याला असे दोष सहज आढळतात. 'रामकुंडाच्या पायऱ्या' एवढेच घ्या. यातील 'ऱ्या' काही मजकुरात नुक्ता (खालचा बिंदू) असलेल्या ऱ-पासून बनवलेला असतो, तर काही मजकुरात साधा र, हलन्त आणि न दिसणारे 'झीरो विड्थ जॉइनर' हे चिन्ह यांच्यापासून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु युनिकोडच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) नॉर्मलायझेशननंतरही, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या केल्यावरही, ते वेगळेच राहतात, आणि त्यामुळे ज्या प्रोग्रॅमने याची वेगळी काळजी घेतलेली नाही त्यात एका रूपाने शोधले असता दुसरे रूप सापडत नाही. देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, हे कोणी सांगितल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही. म्हणून दोन्ही रूपांचे कोडपॉइंट (युनिकोडमधील क्रमांक) देऊन केलेली अचूक नोंद हेदेखील मी पूर्ण योगदानच मानतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्रकल्प आपल्या संगणकावर बिल्ड करून (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून) त्याच्या टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवून पाहाव्यात. मग दोष दाखवणारी, म्हणजे सध्या नापास होणारी, एक टेस्ट लिहावी आणि त्यानंतरच कोड बदलावा. वाटेत दिसलेली अव्यवस्थित फाइल आवरण्याचा मोह टाळावा, कारण असंबंधित बदल मिसळले की तपासणाऱ्याचे काम विनाकारण वाढते, आणि अनेक मेंटेनर हे काम नोकरी सांभाळून, विनामोबदला करत असतात. कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहावे; काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच. दुसरीकडून उचललेला कोड, त्याचे लायसन्स (वापराच्या अटी) प्रकल्पाच्या लायसन्सशी जुळत असल्याची खात्री नसेल, तर मुळीच देऊ नये.

पुल रिक्वेस्टला, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्यावा या विनंतीला, लगेच उत्तर न आल्यास ती नाकारली गेली असे समजू नये. कर्नलच्या मार्गदर्शिकेत पुन्हा विचारण्यापूर्वी किमान एक आठवडा थांबावे असे म्हटले आहे, आणि हा नियम इतर प्रकल्पांतही पाळण्याजोगा आहे. रिव्ह्यूमध्ये बदल सुचवले गेले, तर नवी पुल रिक्वेस्ट उघडू नये. त्याच ब्रँचवर (आपल्या बदलांच्या त्याच शाखेवर) दुरुस्ती पाठवावी, म्हणजे आधीची चर्चा आणि नवा कोड एकाच जागी राहतो.