कंसातली बहीण

सोलापूरच्या अशोक चौकातून एका मुलाचं दोन पानी पत्र आलंय. नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, २०२३ ला दिली, २०२४ ला दिली, दोन्ही वेळा फिजिक्सने मारलं, हा तिसरा अटेम्प्ट. आणि आता २५ जानेवारी २०२५ ला नोटीस आली की ऑप्शन बंद, फिजिक्सचे ४५ च्या ४५ प्रश्न कंपल्सरी, वर वेळही २० मिनिटांनी कमी. दोन वर्षं तो रोटेशनचा धडा, मोमेंट ऑफ इनर्शिया वगैरे, सोडून द्यायचा, आता तो करावा लागणार आणि ४ मे तोंडावर आलाय, ताई हा रिपीटरवर अन्याय नाही का, असं विचारतोय. शेवटी कंसात एक ओळ: (लहान बहीण यंदा बारावीला आहे, तिने पण नीटचा फॉर्म भरलाय पण ती सीरियस नाही, परवा पाणी भरता भरता तिने माझं मोमेंट ऑफ इनर्शियाचं गणित सोडवून दिलं.)

अरे बाळा, तुझी दोन पानं मी एकदा वाचली आणि तो कंस चारदा.

पॅटर्नचं आधी उरकून टाकते. २०२० पर्यंत हेच होतं, १८० प्रश्न, १८० मिनिटं, सगळे सोडवायचे. कोरोनाच्या काळात, २०२१ ला, २०० पैकी १८० सोडवा असं झालं आणि २०२२ पासून त्या जादा वीस प्रश्नांपायी वीस मिनिटं वाढवून मिळाली. आता प्रश्न गेले, मिनिटंही गेली. फिजिक्सच्या बी सेक्शनमध्ये १५ पैकी १० सोडवायची सोय होती, तिचा अर्थ तू असा काढलास की एक अख्खा धडा सोडला तरी चालतंय. नोटीस उशिरा आली हे खरंय, चिडायचं तर चीड, पण एका दुपारपुरतं.

आता कंसाचं बोलू. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी कुठं येतं, काही दिवसांआड येतं आणि आलं की घरात पळापळ, तेव्हा मोटर कोण लावतं रे? हौद भरला की पाईप काढून पिंपात कोण टाकतं? तू लिहिलं नाहीस पण तुझ्याच वाक्यात आहे, ती भरत होती आणि तू वही घेऊन शेजारी उभा होतास. एक घागर भरेपर्यंत, ओल्या हाताने, तिने ते गणित सोडवलं जे तू २०२३ पासून सोडून देतोयस. आणि ती सीरियस नाही म्हणे! पोरीची बोर्डाची परीक्षा चालू आहे, आणि बोर्डाच्या बारावी फिजिक्सच्या पुस्तकात पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा आहे, तिच्या डोक्यात तो ताजा आहे. तू मात्र रोटेशनसाठी नव्या पेठेत क्लासची फी विचारत हिंडतोयस.

ऑप्शन पेपरातनं गेला, घरात अजून चालूच आहे की तुझा. पाणी सोड, दळण सोड, भांडी सोड, बहीण अटेम्प्ट करेल. मला राग आलाय, लपवत नाही. तुला घरात रिपीटर म्हणून जपतात आणि तिला पहिल्याच वर्षी पिंपाशी उभं करतात, आईबाबांना हे दिसत नसेल तर तू दाखव, तू मोठा आहेस.

तर पुढचं पाणी सुटेल तेव्हा तू उठायचं. तिचे पेपर संपेपर्यंत पाणी तुझं, आणि संपल्यावरही तुझंच. ती बोर्डातनं मोकळी झाली की रोज दुपारी २ ते ५, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, उन्हात पंखा गरम हवा फेकत असला तरी, दोघांनी एका टेबलाशी बसून १८० च्या १८० सोडवायचे, मोबाईल आईकडे. नंतर रोटेशनचे चुकलेले तिच्याकडनं समजून घ्यायचे आणि ती सांगत असताना मध्येच 'अगं ते येतंय मला' म्हणायचं नाही, येत असतं तर पत्र कशाला लिहिलं असतंस.

मोटरचं बटण कुठंय ते आजच विचारून ठेव तिला, तुला माहीत नसणार.