आइसलँडमध्ये एकटीने गाडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सप्टेंबरच्या शेवटी आठ दिवस आइसलँडला एकटीच जातेय. पुण्यात रोज गाडी चालवते. आपलं लायसन्स तिथे चालेल का? गाडी कोणती घेऊ?
– एक वाचक, कोथरूड

आपलं स्मार्टकार्ड लायसन्स रोमन लिपीत असल्याने तिथे चालतं. तरी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधी काढाच, म्हणजे गाडी भाड्याने घेताना काउंटरवर वाद नको. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष, अर्ज ‘सारथी’ पोर्टलवरून आरटीओकडे. मूळ लायसन्स सोबत हवंच. नुसत्या परमिटवर किल्ली मिळत नाही. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं आणि त्यावर तुमचंच नाव हवं. नवऱ्याच्या किंवा भावाच्या कार्डावर अडून बसलेली माणसं त्या काउंटरवर नेहमी दिसतात.

गाडी ऑटोमॅटिक घ्या. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताला येतो. नव्या रस्त्यावर ते एक ओझं कमी. देशाला वळसा घालणाऱ्या पक्क्या रिंगरोडवरच राहणार असाल तर साधी छोटी गाडी पुरते. कॅम्परव्हॅन मात्र नको: ती उंच असते आणि वारा पकडते. नकाशावर ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ आहे, ते डोंगरातले कच्चे रस्ते. तिथे फोर-व्हील-ड्राइव्ह सक्तीची आहे आणि वाटेत पूल नसलेल्या नद्या ओलांडाव्या लागतात. पाण्यात इंजिन गेलं तर बहुतेक विमे ते भरून देत नाहीत. एकट्या माणसाने एफ रस्त्यांचा नाद करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उजव्या बाजूने चालवायची सवय किती वेळात होते?

रहदारीत लवकर होते, कारण पुढची गाडी रस्ता दाखवते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: पेट्रोलपंपातून किंवा फोटो काढून पार्किंगमधून बाहेर पडताना. अशा वेळी हात आपोआप डाव्या बाजूला वळतो. डॅशबोर्डवर ‘उजवीकडे’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. हसू येईल, पण उपयोग होतो.

दुसरी चूक सहसा कोणी सांगत नाही. भारतात गाडीची रुंदी आपल्या डाव्या हाताला असते, तिथे ती उजव्या हाताला जाते. अंदाज न आल्याने गाडी हळूहळू उजव्या कडेला सरकते. रिंगरोडला बऱ्याच ठिकाणी साइडपट्टी नाही; डांबर संपलं की लगेच उतार. उजवी चाकं खाली उतरली की घाबरून स्टिअरिंग डावीकडे झटकलं जातं आणि गाडी उलटते. चाक उतरलंच तर स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग अगदी कमी झाल्यावर हलक्या हाताने वर घ्या. मधली रेषा आपल्या डाव्या खांद्याजवळून जातेय ना, एवढं बघत राहा.

दोन लेनच्या गोल चौकात आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याला तिथे प्राधान्य असतं. पहिल्याच फाट्याला वळायचं असेल तरच बाहेरची लेन घ्या. वेगमर्यादा वस्तीत ५०, खडीवर ८०, डांबरी रस्त्यावर ९०. डांबर संपून खडी सुरू होते तिथे ९० चा वेग तसाच राहिला की मागची चाकं सटकतात. पाटी दिसताच वेग कमी करा, खडीवर जोरात ब्रेक नको. हेडलाइट दिवसाही चालू. एकेरी पुलावर जी गाडी पुलाजवळ आधी पोचते ती आधी जाते, दुसरीने अलीकडच्या रुंद जागेत थांबायचं.

विमा कितीतरी प्रकारचा दिसतो. सगळा घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

मूळ टक्कर-विम्यात तुमच्या खिशातून जाणारी रक्कम मोठी असते. ती कमी करणारा जादा विमा आणि खडीचा विमा घ्या, कारण समोरच्या गाडीच्या चाकातून उडालेल्या दगडाने काच तडकणं तिथे रोजचं आहे. दक्षिण किनाऱ्याने जाणार असाल तर वाळू-राखेचाही घ्या; म्यिर्दाल्ससांदूर आणि स्केइदारारसांदूर या काळ्या वाळूच्या पट्ट्यांत वादळ सुटलं की गाडीचा रंग खरवडला जातो. मात्र वाऱ्याने उलटलेलं दार, गाडीची खालची बाजू आणि नदीतलं नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

त्यातलं दार सर्वांत महागात पडतं. वारा मागून असताना दार उघडलं की ते हातातून सुटून पुढे उलटतं, बिजागरी वाकते, शेजारचा पत्रा चेपतो आणि दार पुन्हा लागत नाही. म्हणून गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा. आधी काच जराशी खाली घेऊन वाऱ्याचा जोर बघा. मग एका हाताने दाराची कड घट्ट धरून दुसऱ्या हाताने खटका ओढा. एका वेळी एकच दार उघडा. समोरासमोरची दोन उघडली तर आतले कागद गेलेच समजा.

गाडी ताब्यात घेताना तिच्याभोवती फिरून व्हिडिओ काढा: रिम, काचेवरचे टवके, बंपरची खालची कड, इंधनाचा काटा. परत देतानाही तसाच.

हवामान बघून निघा म्हणतात. म्हणजे नेमकं काय बघायचं?

वारा बघा, पाऊस नंतर. तिथल्या हवामान खात्याच्या साइटवर वारा मीटर प्रति सेकंदात देतात, त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. १५ च्या पुढे सावध, २० म्हणजे ताशी ७२ कि.मी.; छोट्या गाडीने त्या दिवशी मुक्काम वाढवावा. सरासरीपेक्षा झोत घातक असतात. एयाफ्योत्लच्या पायथ्याशी आणि हाफ्नारफ्यात्लजवळ डोंगरावरून येणारा झोत गाडीला सरळ शेजारच्या लेनमध्ये ढकलतो. रस्त्याकडेच्या डिजिटल फलकावर ताजा आकडा दिसतो. रस्ते खात्याच्या साइटवर रस्ता बंद दाखवला असेल तर अडथळ्याला वळसा घालून जाऊ नका. दंडही होतो आणि विमाही हातचा जातो.

एकटीला गाडी चालवताना हे सगळं बघता येत नाही, म्हणून किल्ली फिरवण्याआधी बघून घ्या. नकाशा ऑफलाइन उतरवा, ‘सेफट्रॅव्हल’ साइटवर आपला प्रवासाचा आराखडा नोंदवा, ११२ या आपत्कालीन नंबरचं ॲप फोनमध्ये टाका. त्यातून तुमचं ठिकाण कळवता येतं. सप्टेंबरअखेर उजेड साधारण बारा तास, तेव्हा संध्याकाळच्या आत मुक्कामी पोचा. रात्री ध्रुवीय प्रकाश दिसला म्हणून रस्त्यातच ब्रेक मारणारे पर्यटक तिथे कायमची डोकेदुखी आहेत. थांबायचं ते आखलेल्या जागीच. रात्रभरच्या विमानप्रवासानंतर विमानतळावरून ५० कि.मी.वरच्या रेक्याविकपुढे जाऊ नका, झोप काढा.

पंपावर माणूस नसतो म्हणे. पैसे कसे द्यायचे?

मशीनमध्ये कार्ड घालायचं, चार आकडी पिन द्यायचा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर आधीच सुरू करून घ्या. मशीन सुरुवातीला मोठी रक्कम अडवून ठेवतं आणि उरलेली काही दिवसांनी सुटते, तेव्हा कार्डावर मर्यादा शिल्लक असू द्या. भरण्याआधी झाकणावर पेट्रोल की डिझेल ते वाचा. आणि पूर्व किनाऱ्याकडे जाताना टाकी अर्धी झाली की पहिल्याच पंपावर भरा.